पट्ट्यांचं माहेरपण

लिमयेकाकांच्या घरी दर एप्रिलमध्ये स्कीची एक जोडी माहेरपणाला यायची. माहेरपण हा शब्द उषाकाकूंचा. काका तसलं काही बोलत नसत. ते स्कीला स्कीसुद्धा म्हणत नसत, ‘पट्ट्या’ म्हणत. हिमाचलातला हिवाळा संपला की बर्फावरून घसरायच्या त्या दोन लांब पट्ट्या गोणपाटात गुंडाळून आधी बसच्या टपावरून आणि मग रेल्वेच्या पार्सलमधून भोपाळला यायच्या, आणि दिवाळीनंतर परत जायच्या. मधले सगळे महिने कोलार रोडवरच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन गाद्यांच्या घड्यांवर त्या आडव्या पडलेल्या असत. भिंतीला टेकवल्या तर वाक येईल, असं काकांचं म्हणणं. आल्यागेल्या पाहुण्यांनी अंग चोरून बसावं, पट्ट्यांनी पाय पसरावेत.

त्या पट्ट्या काकांच्या मुलीच्या, ऋचाच्या होत्या. ऋचा स्वतः येत नसे.

मी त्या घरातली भाडेकरू. काका गेले त्याला आता वर्ष होईल, पण मी अजून तिथेच राहते. मी मूळची पांढुर्ण्याची. वडील संत्र्याच्या वखारीत माल निवडायला जायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गावच्या मराठी शाळेतून निघून भोपाळला इंजिनिअरिंगला आले, तेव्हा ड्रॉइंगच्या तासाला मला रडू यायचं. एकाच वस्तूची समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन चित्रं काढायची, आणि मला त्या तीन चित्रांत तीन वेगळ्या वस्तू दिसायच्या. काकांनी ते एकदा पाहिलं, आत गेले आणि स्वयंपाकघरातून बटाटा आणि सुरी घेऊन आले. बटाट्याला चौकोनी कापून, त्यात भोक पाडून, फिरवून फिरवून दाखवलं. मग ते रोजचंच झालं. काकू विचारायच्या, “आज भाजीला काही शिल्लक ठेवणार आहात, की सगळं ड्रॉइंगलाच?” आज मी सरकारी नोकरीत आहे ती त्या बटाट्यांच्या जिवावर.

मला दिलेली वरची खोली ऋचासाठी बांधली होती. मोठी खिडकी, पुस्तकांसाठी भिंतीतले कप्पे, दाराच्या मागे उंच आरसा. माझ्याआधी त्या खोलीत कोणी राहिलेलं नव्हतं. हे काकूंनी सांगितलं. काकांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की पंख्याचा रेग्युलेटर दोनवर ठेव, तीनवर तो डगमगतो.

काकांची सगळी नोकरी पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये झाली. एकच भोक हजार नगांवर त्याच जागी पडावं म्हणून जो लोखंडी साचा बनवतात त्याला जिग म्हणतात. काका जिग बनवत. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते कोलार रोडला आले, पण केस कापायला शेवटपर्यंत पिपलानीला जायचे, दोन बस बदलून. “नवा न्हावी म्हणजे त्याला डोकं पहिल्यापासून समजावणं आलं,” म्हणायचे. चहा बशीत ओतून प्यायचे, पण बशी आधी उलटी करून बघायचे, खाली तडा आहे का. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या बुशशर्टच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती पट्टी खिशात असायची. काकू म्हणायच्या, “जिलबी मोजणार आहेत.”

“चल जाएगा” हे दोन शब्द ऐकले की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. जवाहर चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदारानं मूठभर स्क्रू काउंटरवर ओतले. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेक स्क्रू प्रकाशाकडे धरून त्याचे आटे बघायला सुरुवात केली. मागे गिऱ्हाइकांची रांग. दुकानदार म्हणाला, “साब, पेंच चाहिए या दामाद? इतना तो हमने बहन की शादी में नहीं देखा।”

काका मान वर न करता म्हणाले, “दामाद बिगड़ा तो चार लोग बैठकर समझा लेंगे। पेंच को कौन समझाएगा?”

रांगेतले लोकही हसले. काका हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता.

ऋचाही इंजिनिअर. पुण्याला चांगल्या नोकरीत होती. सुट्टीत एकदा हिमालयात शिबिराला गेली, पुढच्या वर्षी पुन्हा गेली, आणि तिसऱ्या वर्षी नोकरी सोडून तिथेच राहिली. हिवाळ्यात लोकांना स्की शिकवायची, उन्हाळ्यात डोंगरात घेऊन जायची. ही बातमी द्यायला ती पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा ताटावर बसल्या बसल्या काका म्हणाले, “घसरायला शिकवण्यासाठी पदवी कशाला लागते?” ती म्हणाली, “तुम्हाला जे येतं तेवढंच जगात काम आहे का, बाबा?” त्यावर काका जे बोलले ते काकूंनी मला अगदी खाली मान घालून सांगितलं. काका म्हणाले, “घरी येशील तेव्हा पाय मोडूनच येशील.”

ऋचा ताटावरून उठली नाही. जेवली, ताट घासलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर ती घरी राहायला आली नाही. काकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलमध्ये राहिली आणि तिथूनच परतली. आईशी आठवड्याला फोन, बाबांशी काही नाही. म्हणजे भांडण चालू होतं असंही नाही. भांडण कधीच विझलं होतं, बोलायला विषय नव्हता एवढंच.

विषय मिळाला तो पट्ट्यांमुळे.

ऋचा ज्या प्रकारानं घसरते त्याला टेलिमार्क म्हणतात. नेहमीच्या स्कीमध्ये बूट पुढून आणि मागून असा दोन्हीकडे जखडलेला असतो. टेलिमार्कमध्ये फक्त चवडा जखडलेला, टाच मोकळी. वळण घ्यायचं तर एक पाय पुढे सरकवून मागचा गुडघा जवळजवळ पट्टीपर्यंत वाकवायचा, आपण देवापुढे एक गुडघा टेकावा तसा. बूट ज्या बैठकीत अडकतो तिला बाइंडिंग म्हणतात, आणि ते स्क्रूंनी पट्टीवर बसवलेलं असतं. टाच उचलली की सगळी ओढ त्या स्क्रूंवर. पट्टी आतून लाकडाची, त्यामुळे स्क्रू कधीकधी लाकूड घेऊनच उपटतात. एका हिवाळ्यात ऋचाचं बाइंडिंग असंच उतारावर उपटलं. तिथल्या कोणीतरी जास्त लांब स्क्रू ठोकून दिले, ते पट्टीच्या तळातून बाहेर आले. चांगली जोडी तिच्याकडे एकच. तिनं आईला फोनवर सांगितलं, “बाबांना विचार, त्यांना जमेल का.”

काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “पाठवून दे म्हणावं.”

मी त्या घरात आले तोवर हा रिवाज पक्का झाला होता. जोडी आली की काका आधी ती अंगणात ओल्या फडक्यानं पुसायचे. मग दोन दिवस नुसतं बघायचे. जुनी भोकं सागाच्या खुंट्या करून, सरस लावून बुजवायचे. नवी जागा आखायचे. त्यांनी त्यासाठी खास जिग बनवली होती, आणि ड्रिलच्या पात्यावर नळीचा तुकडा चढवला होता, म्हणजे भोक ठरल्याहून खोल जायचंच नाही. बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी मुलीच्या पायाखाली काय होत असेल ते त्यांना समजून घ्यायचं होतं.

त्यासाठी त्यांनी एकदा काय करावं? मे महिन्याची दुपार, समोर कूलर पूर्ण वेगात. दोन विटांवर पट्टी ठेवलेली. काकांनी आपला कॅनव्हासचा बूट नायलॉनच्या दोरीनं बाइंडिंगला बांधला, पायजम्याचा काठ गुडघ्यापर्यंत दुमडला, एका हातानं खिडकीचा गज धरला आणि ते हळूहळू गुडघ्यावर वाकू लागले. काकू धावत आल्या. “अहो, गुडघा जाईल! या वयात कुणाला मागणी घालताय?”

“गप्प बस. ऐकू दे.”

“काय ऐकू दे?”

“टाच उचलली की मागचे दोन स्क्रू कुरकुरतात. ऐक.”

तेवढ्यात दारात दूधवाला. त्यानं कॅन खाली ठेवला, ते दृश्य नीट पाहिलं आणि म्हणाला, “अंकलजी, मंदिर जाके करो। यहाँ कूलर कौन-सा वरदान देगा?”

काका उठता उठेनात. शेवटी दूधवाल्यानंच त्यांना काखेत धरून उभं केलं. त्या वर्षी मागच्या दोन स्क्रूंखाली त्यांनी पितळेच्या चकत्या घातल्या.

पट्ट्यांवरून ते मुलीला वाचायचे. मला दुसरा शब्द सापडत नाही. तळावरचे ओरखडे, कडांची झीज, भोकांच्या तोंडाशी चुरलेलं लाकूड, यांवरून त्यांना तिचा सगळा हिवाळा कळायचा. एका वर्षी दोन्ही पट्ट्यांवर बराच वेळ बोट फिरवून ते काकूंना म्हणाले, “डाव्या पायावर भार देत नाहीये ती. विचार तिला.” काकूंनी रात्रीच्या फोनवर विचारलं. डावा गुडघा डिसेंबरमध्ये दुखावला होता, तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

“बाबांना कोणी सांगितलं?”

काकूंनी फोनवर हात ठेवून विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं, म्हणतेय.”

“कोणी नाही. लाकूड सांगतंय,” काका म्हणाले. “डॉक्टरला दाखव म्हणावं.”

तिनं दाखवलं. पुढच्या वर्षी जोडी आली तेव्हा काकांनी पुन्हा बोट फिरवलं आणि त्या दिवशी स्वतःहून श्रीखंड आणलं. का आणलं ते सांगितलं नाही. काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली.

मग तो एप्रिल आला. जोडीबरोबर या वेळी एक वेगळं खोकं होतं, त्यात तीन प्रकारची बाइंडिंग. एक जड, शिकवण्यासाठी. एक हलकं, लांबच्या चढाईसाठी. एक जुन्या पद्धतीचं, जुन्या बुटांचं. आणि आईच्या फोनवर ऋचाचा निरोप: दरवर्षी भोकं बुजवून नवी पाडून लाकूड कमकुवत होत चाललंय. बाबांना या वेळी असं करता येईल का, की पट्टीत कायमच्या धातूच्या बुश बसवायच्या, आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या. म्हणजे तिन्ही बाइंडिंग एकाच जोडीवर बसतील, मी इथेच स्क्रू फिरवून हवं ते लावीन. मग जोडी सारखी भोपाळला पाठवायला नको. बाबांनाही त्रास नको.

काकूंनी तो निरोप दोनदा वाचून दाखवला. काका म्हणाले, “बरोबर आहे तिचं. हाच खरा उपाय.” मग उठून अंगणात गेले आणि ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसू लागले. त्या दिवशी त्यांनी त्या फार वेळ पुसल्या.

काम सोपं नव्हतं. पायाच्या चवड्याखाली वीतभर जागा, आणि तिन्ही बाइंडिंगना नेमकी तीच हवी. “तीन बिऱ्हाडं आणि एक मोरी,” काका म्हणाले. ट्रेसिंग पेपरवर तिघांची भोकं तीन रंगांत काढून ते कागद एकमेकांवर ठेवून बसायचे. दोन भोकं फार जवळ आली तर मधलं लाकूड फाटतं, आणि एका ठिकाणी हिरवं आणि तांबडं भोक अगदी खेटून येत होतं. बाइंडिंग पुढे सरकवलं तर ऋचाचा तोल बिघडणार, मागे सरकवलं तर वळणं जड होणार. आठवडा गेला. एका सकाळी चहाच्या वेळी काका काकूंना म्हणाले, “नाही बसत तिन्ही.”

काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही दिसतं. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर क्वचित पाहिला होता.

“मग कळवून टाका ना. दोनच बसतात म्हणावं. तिसरं लावायला पाठवत जा दरवर्षी. आहेच की आपण इथे.”

बशीतला चहा निवून गेला. आणि दुपारी, आम्ही पापड वाळत घालत होतो तेव्हा, ते गच्चीच्या दारात आले. हातात ट्रेसिंग पेपर.

“एक भोक दोघांनी वाटून घ्यायचं,” ते म्हणाले. “हिरव्याच्या बैठकीखाली एक पातळ प्लेट दिली की हिरवं आणि तांबडं एकाच बुशमध्ये बसतं. तोल हलत नाही. जमतंय.”

काकूंनी हातातला पापड तसाच धरला. “जमलंच का शेवटी?”

“जमलं.”

“तुम्हाला कळतंय ना, त्या पट्ट्या पुन्हा येणार नाहीत?”

“कळतंय.”

“मग थोडं कच्चं ठेवा.”

“कच्चं ठेवलं तर ती पडेल, उषा.”

“पडली तर निदान घरी येईल!” काकू बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. काका त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “ते वाक्य माझं आहे. तू नको बोलूस.”

त्या उन्हाळ्यात त्यांनी जे काम केलं तसं मी नंतर कुठल्याही कारखान्यात पाहिलेलं नाही. बुश बाजारातून आणल्या नाहीत. टूलरूममधले एक जुने सहकारी आता स्वतःचं लेथ चालवतात, त्यांच्याकडे बसून एकेक करून घेतली, न गंजणाऱ्या पोलादाची. जुन्या फळीवर आधी सराव केला. प्रत्येक बुश बसवताना पंखा बंद, कारण वाऱ्यानं सरस लवकर आवळतो. काकू त्यांच्या मानेवरचा घाम पदरानं टिपायच्या आणि पुटपुटायच्या, “करा, करा अजून पक्कं.” शेवटी काकांनी तिन्ही बाइंडिंग आळीपाळीनं लावून, काढून, पुन्हा लावून पाहिली. एकही स्क्रू अडला नाही.

दिवाळीनंतर पार्सल ऑफिसात मीही गेले होते. हमालानं गोणपाट चाचपलं आणि विचारलं, “इसमें है क्या, बाबूजी? छत के पंखे की पत्ती?” काका म्हणाले, “लड़की का सामान है।” एरवी ते असल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायचे, अगदी टेलिमार्कसकट.

पुढच्या एप्रिलमध्ये पुढची खोली मोकळी होती. पाहुणे ऐसपैस बसायचे. काका सकाळी उठून त्या खोलीत जायचे, गाद्यांच्या घड्या नीट करायचे आणि बाहेर यायचे. काकूंनी गाद्या उचलून माळ्यावर टाकायचं म्हटलं, तर म्हणाले, “राहू देत. कोणाला लागतात कधी.” ऋचाला कळवायचं काही उरलं नव्हतं. बुश उत्तम आहेत, असा निरोप तिनं आईला दिला होता. काका कामात कमी पडले असते तर तिला बोलावता आलं असतं. ते कमी पडले नाहीत.

हिवाळा आला आणि एक दिवस काका लोकरीची टोपी विकत घेऊन घरी आले. भोपाळच्या थंडीला एवढी जाड टोपी लागत नाही.

“आटे तपासायला हवेत,” ते म्हणाले. “थंडीनं धातू आकसतो. एकदा बघून येतो.”

काकू एकदम उभ्या राहिल्या. “मी फोन करते तिला.”

“नको. पाहुणा म्हणून नाही चाललो. कामाला चाललोय. तपासायचं आणि यायचं.”

काकूंनी फोन केला नाही. नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून नव्हे, त्या म्हणाल्या, “अचानक समोर दिसले तर तिला हसू येईल. आधी सांगितलं तर ती विचार करत बसेल.” त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला. पार्सल ज्या गेस्ट हाउसच्या पत्त्यावर जायचं, तिथे काका रेल्वेनं, मग बसनं, मग जीपनं पोचले. ऋचा नव्हती. आदल्याच दिवशी एका गटाला घेऊन वर गेली होती, आणि वर फोन लागत नाही. पट्ट्याही अर्थात तिच्या पायांतच होत्या. काका दोन रात्री राहिले, परतीच्या तिकिटाचा दिवस आला तेव्हा डबा गेस्ट हाउसच्या मालकाकडे ठेवला आणि निघाले.

घरी आले तेव्हा काकूंनी दारातच विचारलं, “भेटली?”

“नव्हती.” मोजे काढत काका म्हणाले, “बर्फ पाहिला. मला वाटत होतं तसा नाहीये. पायाखाली करकर वाजतो.”

काकू फोन उचलायला गेल्या तर त्यांनी अडवलं. “सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.”

काका फेब्रुवारीत गेले. पहाटे झोपेतच. ऋचा दुसऱ्या दिवशी दुपारी आली, जाड जाकीट अंगावर, ओठ थंडीनं फुटलेले, चेहरा उन्हानं रापलेला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. काकांसारखीच उंच आणि किंचित वाकलेली. वरच्या खोलीत मी तिची सोय केली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच आली होती. तेरावा झाल्यावर, जायच्या आधी, तिनं मला विचारलं, “त्या जोडीचा बाबांना फार त्रास व्हायचा का गं?”

मी म्हटलं, “त्रास? वर्षभर ते एप्रिलची वाट बघायचे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश सांगितलं. आई फोनवर म्हणाली होती, “तुझ्या त्या पट्ट्या घेऊन उन्हाळाभर वाकून बसतात, पाठ धरते त्यांची.” म्हणून तिनं बुश शोधून काढल्या. म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी कशाला राबवायचं, म्हणून.

खाली येऊन मी काकूंना विचारलं नाही. काकूंनी आपण होऊनच सांगितलं. “मी बोलले होते गं तसं. तिला वाटावं, की आपणच घेऊन जावी जोडी, बाबांजवळ बसावं.” मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. “सरळ ‘ये’ म्हणायला काय झालं होतं मला?”

त्या घरात तिघांनीही एकमेकांचा त्रास वाचवला.

मला मात्र काका आठवतात ते जाण्याच्या महिनाभर आधीचे, भोगीच्या सकाळचे. ते हिमाचलातून परत येऊन चार-सहा दिवस झाले होते. काकू आत तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून भोगीच्या भाजीसाठी वाल सोलत होते. काका खुर्चीत. त्यांचा फोन वाजला. त्यांचा, काकूंचा नव्हे. अलीकडे कमी ऐकू यायचं म्हणून ते नेहमी फोनचा आवाज मोठा करून बोलत, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“बाबा?”

“हं. बोल.”

“लाडवांचा डबा मिळाला.”

“बरं.”

“तुम्ही आला होतात.”

“आटे तपासायचे होते.”

“थांबायचं ना. मी येणारच होते खाली.”

“परतीचं रिझर्व्हेशन होतं.”

मग काकांनी विचारलं, “आटे कसे आहेत?”

“घट्ट. एकही हललेला नाही.”

“तिन्ही बाइंडिंग?”

“तिन्ही.”

“मग ठीक आहे.”

“बाबा, सीझन संपला की एप्रिलमध्ये मी येते. जोडी घेऊन.”

“का? काही बिघडलंय?”

“नाही.”

“मग कशाला?”

मग ऋचा म्हणाली, “बरं. ठेवते.”

काकू पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. एरवी त्या काहीतरी टोचून बोलल्या असत्या. त्या दिवशी नुसत्या बघत राहिल्या. काकांनी आधी फोनकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग माझ्याकडे.

“मी आत्ता काय म्हणालो?” त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. काकू म्हणाल्या, “कशाला येतेस, म्हणालात.”

काका उठले. फोन त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला आणि बोटानं तोच नंबर पुन्हा लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

“ऋचा,” काका म्हणाले. आवाज फार मोठा होता, शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल इतका. “काही बिघडलेलं नसलं तरी ये.”

आणि त्यांनी फोन कानाला लावला, घट्ट दाबून धरला. ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. काका माझ्या शेजारी पायरीवर बसले, सोललेल्या वालांवर त्यांचा हात पडला तरी त्यांना कळलं नाही. चष्मा काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मधूनमधून फक्त म्हणायचे, “हं… हं… बोल.”